सोसायटी ग्रुप, बदलापूर: स्टेशन बसचा विषय पुन्हा एकदा

स्नेहा देसाई, बी-402 (रात्री 10.41)
आत्ता घरात पाऊल टाकलं. गाडी नऊ पस्तीसला लागली होती. खाली रिक्षाला ही मोठी रांग. शेअरवाला म्हणतो, तिकडे येत नाही, रिकामं परत यावं लागतं. शेवटी स्पेशल, 150 रुपये. लॅपटॉप पोटाशी धरून बसले, कारण एका बाजूचा पडदाच नव्हता. सोसायटी स्टेशनपर्यंत बस लावणार होती, तिचं काय झालं? गणपतीच्या आधी म्हणाला होतात. कुठले गणपती तेवढं सांगा.

प्रशांत मोरे, ए-303
माघी 😀

पाटील काका, ए-104
हा विषय वार्षिक सभेच्या अजेंड्यावर नव्हता. ऐनवेळच्या विषयात पैशाचा ठराव करता येत नाही.

जोशी (सचिव)
स्नेहाताई, कोटेशन आलेलं आहे. 17 सीटर, सकाळी 4 फेऱ्या, संध्याकाळी 5. 84 फ्लॅट, प्रत्येकी महिना 650. सगळे तयार असतील तरच परवडतं. म्हणून थांबलोय.

संजय राणे, सी-201, 202, 504
मी मुलुंडला राहतो. मी 1,950 कशाचे भरू? भाडेकरू ठेवल्याचे 10 टक्के नॉन-ऑक्युपन्सी आधीच देतोय.

प्रशांत मोरे
राणेसाहेब, तुमच्या जाहिरातीत 'स्टेशन 7 मिनिटं' लिहिलंय ना? ते कुठल्या वाहनाने?

समीर शेख, बी-104
रात्री दोन वाजता, बाइकवर, पुलाचं काम नसताना 😂

संजय राणे
बिल्डरने मला हेच सांगितलं होतं. मी तेच पुढे सांगतो.

समीर शेख
बिल्डरने मेट्रोसुद्धा सांगितली होती. मेट्रो 14, कांजुरमार्ग ते बदलापूर. माहितीपत्रकातल्या नकाशात गुलाबी रेघ होती. ती रेघ धरून मी बुकिंग केलं.

केळकर आजी, ए-101
विजया, मला एक किलो भाजणी ठेव. गेल्या वेळची जरा जास्त भाजली होती.

विजया सावंत, सी-302
हो आजी 🙏 (जास्त नव्हती भाजली.)

पाटील काका
पुन्हा सांगतो. विषय अजेंड्यावर नव्हता. सभेला 14 दिवसांची नोटीस लागते. ज्यांना बस हवी त्यांनी आपापसात करावी. घर घेताना स्टेशन किती लांब आहे ते प्रत्येकाने पाहिलं होतं.

स्नेहा देसाई
काका, पाहिलं होतं. 2019 ला स्टेशनजवळचा टू-बीएचके याच्यापेक्षा 6 लाख महाग होता. हप्त्यात 5,200 चा फरक पडत होता. म्हणून इथे घेतला. आज हिशोब मांडला. आम्ही दोघं, शेअर रिक्षा जायचे 25, यायचे 25, चोवीस दिवस: 2,400. महिन्यात आठ-नऊ वेळा रात्री स्पेशल: 1,100 धरा. पाळणाघरवाल्या काकू आठनंतरचे वेगळे घेतात: 1,500. झाले 5,000. म्हणजे लांब राहून महिन्याला 200 रुपये वाचतात. आणि रिया झोपल्यावर घरी येते मी, ते वेगळं.

प्रशांत मोरे
ताई, पण तेव्हा 6 लाख जास्त मिळाले असते का? आमच्या बँकेने सॅलरी स्लिप बघितली आणि हप्ता किती झेपेल ते सांगितलं. रिक्षाला किती जातात हे कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कर्ज आणखी कमी दिलं असतं!

समीर शेख
आणि पंतप्रधान आवासची सबसिडी. 2 लाख 67 हजार. तेवढ्यासाठी घाई केली सगळ्यांनी.

विजया सावंत
प्रत्येकाचं वेगळं असतं. सासऱ्यांनी लालबागची खोली विकली, म्हणून आम्हाला इथे दोन फ्लॅट झाले. ते अजून म्हणतात, तिथे खाली उतरलं की बस होती. मी म्हणते, तिथे संडास कॉमन होता ते पण आठवा.

पाटील काका
संडासाचा इथे काय संबंध?

जोशी (सचिव)
कृपया विषयावर राहू.

रोहित नाईक, बी-601
विषयावरच येतो. बस मिळाली तरी पुढे काय? सकाळी गाडी बदलापूरहून सुटते तरी आपल्याला बसायला नाही, कारण अंबरनाथवाले डाऊन गाडीने बदलापूरला उलटे (रिटर्न) येऊन आधीच बसलेले असतात. सीएसएमटीपर्यंत 68 किलोमीटर चौथ्या सीटवर अर्धा टेकून जातोय मी.

स्नेहा देसाई
रोहित, तुझी बायको अंबरनाथचीच ना?

रोहित नाईक
मेव्हणाच बसतो 😐 जागा देत नाही.

समीर शेख
एसी लोकल वाढू दिल्या असत्या तर ही गर्दी थोडी विभागली असती. पण ऑगस्ट 2022 ला बदलापूर-कळव्याला आंदोलनाला उतरलात आणि नव्या 10 एसी फेऱ्या मागे घ्यायला लावल्यात.

प्रशांत मोरे
समीरभाई, साधी गाडी काढून तिच्या वेळेला एसी टाकली होती. ज्याचा पास सेकंड क्लासचा आहे त्याने पुढच्या गाडीच्या दारात लटकायचं? मुंब्र्याला 9 जून 2025 ला काय झालं ते विसरलात? वळणावर दोन गाड्यांच्या दारातली माणसं एकमेकांना घासली आणि रुळावर पडली. आमच्या डब्यात त्यानंतर आठवडाभर पत्ते बंद होते.

समीर शेख
ते बरोबर आहे. मी फक्त म्हणत होतो.

प्रशांत मोरे
काही नाही हो. तिसरी-चौथी लाइन होईपर्यंत असंच. मग अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन होईल आणि तिकडचे लोक रिटर्न येतील.

केळकर आजी
पूर्वी इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर म्हणतात. आता तुम्ही रिक्षा बदला.

जोशी (सचिव)
आजी 🙏 मी एक सुचवतो. पहिले तीन महिने फक्त वापरणाऱ्यांकडून घेऊ. 40 जण झाले तर प्रत्येकी 1,365.

स्नेहा देसाई
रिक्षाला महिन्याला बाराशे जातात. 1,365 ला कोण येणार? चाळीसचे वीस होतील, मग तुम्ही म्हणाल प्रतिसाद नाही.

जोशी (सचिव)
आपण सकारात्मक राहू.

स्नेहा देसाई
मी अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी बघतेय. पगार 9 हजारांनी कमी. इतकी सकारात्मक आहे मी.

संजय राणे
माझा सी-504 चा भाडेकरू याच कारणाने सोडून चाललाय. कल्याणला भाडं तीन हजार जास्त, तरी जातोय. कोणाला हवा असेल तर सांगा. फॅमिलीच हवी.

प्रशांत मोरे
जाहिरातीत काय टाकणार? रिव्हर व्ह्यू? 2019 ला उल्हास नदी पार्किंगमध्ये आली होती, तेव्हाचे फोटो आहेत माझ्याकडे.

संजय राणे
वैयक्तिक पातळीवर येऊ नका, मोरे.

पाटील काका
विषय अजेंड्यावर नव्हता. याला कोणीही उत्तर देत नाही.

जोशी (सचिव)
काका, विशेष सभा लावतो. रविवारी ठेवू?

रोहित नाईक
रविवारी मेगाब्लॉक असतो, तेवढाच दिवस झोपायला मिळतो.

पाटील काका
मग नोटीस लेखी काढा. ग्रुपवरचं मी ग्राह्य धरत नाही.

(सकाळी 6.52)

विजया सावंत
गेटवर रिक्षा उभी आहे. दोन सीट रिकाम्या. कोण येतंय?

स्नेहा देसाई
मी! दोन मिनिटं, डबा भरतेय.

रोहित नाईक
दुसरी माझी. पुढे बसणार नाही पण, कालपासून गुडघा दुखतोय.

जोशी (सचिव)
आज टँकर उशिरा आहे. पाणी 8 नंतर.