अनुभव धागा: आपत्ती व्यवस्थापनात पदव्युत्तर पदवी घ्यायची, तर प्रवेशाला नेमके काय लागते?

वर्धाकाठची

माझी भाची यंदा भूगोल घेऊन बी.ए. झाली आणि तिला आपत्ती व्यवस्थापनातच एम.ए. करायचे आहे. परवा अर्ज भरताना 'या विषयाकडे आपण का वळलात' हा रकाना आला, तेव्हा तिने सरळ मोवाडचा पूर लिहायला घेतला. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीचे पाणी नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडमध्ये शिरले आणि २०४ माणसे गेली, हे नरखेड-काटोलकडच्या कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. मी तेव्हा तिथे प्राथमिक शाळेत होते. पाणी ओसरल्यावर शाळेच्या ओट्यावर एक गुरुजी वही घेऊन बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'घरात किती जण होते, आता किती आहेत' एवढेच विचारून लिहून घेत होते. त्या वहीवरूनच पुढे धान्य आणि कपडे वाटले गेले. मी याच विषयात शिकले, त्याचे मूळ त्या वहीत आहे.

भाचीला मात्र मी मोवाड लिहू दिले नाही, कारण तो अनुभव तिचा नाही आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते. म्हणून येथे विचारते आहे. ज्यांनी हे शिक्षण घेतले आहे, घेत आहेत किंवा अर्ज करून पाहिला आहे, त्यांनी आपापले अनुभव लिहावेत. पात्रता, परीक्षा, कागदपत्रे हे तर लिहाच, पण घरावर संकट न आलेल्या मुलीने त्या रकान्यात प्रामाणिकपणे काय लिहावे, तेही सांगा.

सुरुवात मी करते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत या विषयाचे स्वतंत्र केंद्र आहे आणि तिथे कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. अलीकडे तिथे सीयूईटी-पीजी या सामायिक परीक्षेचे गुण आणि मुलाखत असे दोन्ही पाहतात. माझ्या वर्गात वास्तुविशारद होते, परिचारिका होत्या आणि संस्कृत घेऊन बी.ए. केलेली एक मुलगीही होती.

इतवारीचा_सुमित

बी.कॉम. चालते का? घरी सर्वांचे म्हणणे आहे की हा विषय विज्ञानवाल्यांचाच आहे.

वर्धाकाठची

चालते, सुमित. मदतनिधीचा हिशेब, गोदामातील साठा आणि वाहतूक यांची जाण असलेली माणसे या क्षेत्रात नेहमीच कमी पडतात. ज्या संस्थेत अर्ज करायचा, तिची गुणांची अट तेवढी आधी पाहून घ्या, कारण काही ठिकाणी पदवीला किमान ५० टक्के मागतात आणि राखीव प्रवर्गांना त्यात सवलत असते.

अग्निशिखा

मी अग्निशमन सेवेत आहे, म्हणून एक गोष्ट आधी स्पष्ट करते, कारण नागपुरात याबाबत फार गोंधळ होतो. आपल्याकडचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ साली रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आले. तिथे अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी मिळते आणि सेवेतील अधिकाऱ्यांचे अभ्यासक्रमही चालतात. १९५७ मध्येच येथे आणीबाणीतील मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था उभी राहिली आणि तिचे पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. आता एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकादमीही नागपुरातच आहे. या सर्व ठिकाणी बचाव कसा करायचा, हे उत्तम शिकवतात. व्यवस्थापनातील एम.ए. किंवा एम.एस्सी. ही वेगळी वाट आहे. तिथे धोका कमी कसा करायचा, पूर्वतयारी कशी करायची, प्रसंगी यंत्रणा कशी चालवायची आणि नंतर घडी पुन्हा कशी बसवायची, या चारही टप्प्यांचा अभ्यास असतो. शिडीवर चढण्याची आवड असेल तर पहिली वाट धरावी, आणि शिडी वेळेवर का पोहोचली नाही हा प्रश्न छळत असेल तर दुसरी.

मी स्वतः नोकरीत असताना अर्ज केला होता. सेवेचा दाखला जोडला होता, पण मुलाखतीत त्यावर फारसे कोणी बोलले नाही. 'एका इमारतीत आग लागली आहे, पोलीस, रुग्णवाहिका, वीज कंपनी आणि तुम्ही असे चौघे पोहोचला आहात, तर आदेश कोणाचा?' असे त्यांनी विचारले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीच्या, म्हणजे आपत्तीच्या वेळी कोणी कोणते काम पाहायचे याच्या, मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि या प्रश्नाचे उत्तर त्यांत आहे. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने त्या वाचून जाव्यात.

सदरवाली_काकू

अग्निशिखाताई, माझ्या मुलीची उंची कमी आहे, तर या एम.ए.ला शारीरिक चाचणी असते का?

अग्निशिखा

नसते, काकू. ती अट गणवेशाच्या भरतीला असते, या पदवीला नाही. निर्धास्त राहा.

डागा_लेआउट

आमच्याकडे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले. आमच्या गल्लीत एक आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांच्या घरी फक्त रात्रपाळीची मदतनीस होती आणि तिला शेजारच्या कोणाचाच फोन क्रमांक ठाऊक नव्हता. गल्लीतल्या मुलांनी आजींना खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेले, म्हणून निभावले.

त्या दिवाळीनंतर माझ्या मुलाने आमच्या आणि शेजारच्या दोन गल्ल्यांची एक यादी केली. कोणत्या घरात कोण एकटे राहते, कोणाला ऑक्सिजनचे यंत्र लागते, कोणाची औषधे फ्रीजमध्ये ठेवावी लागतात, वरच्या मजल्याची किल्ली कोणाकडे असते आणि विजेचे मुख्य बटण कुठे आहे, असे रकाने त्याने आखले. दर पावसाळ्याआधी तो ती यादी नव्याने तपासतो. पुढे त्याने अर्जात पुराचे वर्णन एका ओळीत आटोपले आणि बाकी सर्व मजकूर त्या यादीवर लिहिला: कोणती माहिती लोकांनी लगेच दिली, कोणती द्यायला का-कू केली, यादी कोणाच्या हाती असावी यावर वाद कसा झाला. त्याची निवड झाली आणि मुलाखतीत बहुतेक प्रश्न त्या यादीवरच आले. वर्धाकाठचीताई, भाचीला सांगा की अशी यादी करायला घरात पाणी शिरावे लागत नाही.

सीताबर्डीकर

वाचून फार वाईट वाटले. आमचे एक नातलग शंकरनगरला राहतात, त्यांचीही दोन्ही वाहने त्या पहाटे गेली. त्या आजी आता कशा आहेत?

डागा_लेआउट

बऱ्या आहेत. यादीत त्यांचेच नाव पहिले आहे.

टोरांटोतून_नागपूरकर

परदेशाबद्दल लिहितो, कारण दर महिन्याला कोणीतरी विचारतेच. कॅनडात टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात आणि ब्रिटिश कोलंबियातील रॉयल रोड्स विद्यापीठात आपत्ती व आणीबाणी व्यवस्थापन याच नावाची पदव्युत्तर पदवी आहे. अमेरिकेत असे अभ्यासक्रम बऱ्याच विद्यापीठांत आहेत. साधारणपणे पदवीची अधिकृत गुणपत्रके, हेतुपत्र (हा विषय का शिकायचा आहे ते सांगणारे पत्र), दोन किंवा तीन शिफारसपत्रे, अनुभवाचा तपशील आणि इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. आयईएलटीएसमध्ये अनेक ठिकाणी ६.५ किंवा त्याहून अधिक गुणांची अपेक्षा असते आणि ते गुण दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात, म्हणून परीक्षा फार आधी देऊन ठेवू नये. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा अनेक ठिकाणी मागत नाहीत.

खरी अडचण आपल्या तीन वर्षांच्या पदवीची आहे. तिकडची पदवी चार वर्षांची असल्यामुळे काही विद्यापीठे आपली बी.ए. किंवा बी.एस्सी. अपुरी मानतात, आणि मग येथे एम.ए. करून किंवा पदव्युत्तर पदविका घेऊन जावे लागते. अभियांत्रिकीच्या मुलांना हा प्रश्न येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाखाली चौथे वर्ष करणाऱ्यांनाही येऊ नये. ज्या विद्यापीठात जायचे आहे, त्यांना पत्र लिहून हे आधी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. यातले बरेच अभ्यासक्रम मुळातच पोलीस, अग्निशमन, रुग्णालये आणि नगरपालिका यांतील कर्मचारी डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असतात, त्यामुळे तिथे पदवीच्या टक्क्यांइतकेच वजन कामाच्या अनुभवाला असते.

पाऊलवाट_६७

गुणपत्रकांबद्दल थोडे लिहिते. मोहोरबंद लिफाफ्यातील अधिकृत प्रत मिळायला आम्हाला इतका वेळ लागला की एका विद्यापीठाची मुदत निघून गेली. कोणाला दोष देत नाही, पण अर्जाचा विचार मनात आला की पहिले काम तेच करा.

टोरांटोतून_नागपूरकर

अगदी खरे आहे, ताई. आणि एकाच वेळी जास्तीच्या प्रती मागवून ठेवा.

नकाशेवाला

भाची भूगोलाची आहे हे वाचून आनंद झाला. तिला भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती एकत्र मांडण्याची पद्धत, शिकायला सांगा. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे मुख्यालय आपल्याच नागपुरात, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात आहे, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावे पाण्याखाली गेली, तेव्हा कोणते गाव किती बुडाले हे उपग्रहाच्या चित्रांवरूनही काढता येत होते. असा एक छोटा नकाशा तिने स्वतः तयार करून अर्जाला जोडला, तर तो कोणत्याही प्रमाणपत्राहून बोलका ठरेल. क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि घरच्या साध्या संगणकावर चालते.

इमारती आणि भूकंप यांत रस असलेल्या स्थापत्य अभियंत्यांनी व्हीएनआयटीतील संरचना गतिकी व भूकंप अभियांत्रिकीचे एम.टेक. पाहावे. त्याला गेट ही अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा लागते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगड-मातीची जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि जवळजवळ दहा हजार लोक गेले. तिथे खरा मारेकरी घराचे बांधकाम होते. त्या जाणिवेतून या शाखेकडे वळलेले माझे मित्र आहेत आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

मेडिकलची_सिस्टर

ड्युटीवरून आल्याबरोबर लिहिते आहे. सर्वांनी पूर आणि भूकंप लिहिले, पण नागपूरची दर वर्षीची आपत्ती म्हणजे उन्हाळा, आणि ती कोणाला आपत्ती वाटत नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत नागपूरनेही केला. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक झाले, की हवामान खाते उष्णतेची लाट धरते. आमच्याकडे येणारे रुग्ण मात्र त्या आकड्याची वाट पाहत नाहीत. बांधकामावरचा मजूर दुपारी तीनला बेशुद्ध होऊन येतो, अंगाला हात लावला तर चटका बसतो, घाम पूर्ण थांबलेला असतो, आणि सोबतचा माणूस 'जेवला नाही म्हणून चक्कर आली' असे सांगतो. कागदावर पुढे काय लिहिले जाते, त्यावर ही माणसे उष्माघाताच्या आकड्यात येतात की नाही, हे ठरते. मी हेतुपत्रात एवढेच लिहिले होते.

नोकरी आणि लहान मुले सांभाळून मुंबईला जाणे मला शक्य नव्हते, म्हणून मी आधी इग्नू या मुक्त विद्यापीठाची आपत्ती व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदविका केली. कोणत्याही शाखेची पदवी पुरते, किमान एक वर्ष लागते आणि तीन वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. ती पदवी नव्हे, पदविका आहे, हे लक्षात ठेवावे. पण या विषयात आपले मन रमते की नाही, ते तिने नीट कळते.

सदरवाली_काकू

सिस्टर, तुम्ही जेवलात का? एवढे लिहिलेत, फार उपयोगी पडले.

महसूलमित्र

मी महसूल खात्यात आहे आणि पावसाळ्यात नियंत्रण कक्षात माझी पाळी असते. पालकांचा खरा प्रश्न नोकरीचा असतो, म्हणून त्याबद्दल लिहितो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले. २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिकांच्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरण स्थापण्याची तरतूद झाली आहे. या विषयाचे शिक्षण घेतलेल्या मुलांना जिल्हा कार्यालये, स्वयंसेवी संस्था, विमा कंपन्या आणि मोठे कारखाने यांत काम मिळते, पण बरीच पदे कंत्राटी असतात, हे घरच्यांना आधीच सांगितलेले बरे.

अनुभव नाही म्हणणाऱ्यांसाठी आपदा मित्र योजना आहे. त्यात स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण मिळते. जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती कक्षात जाऊन पुढची तुकडी कधी आहे, हे विचारावे. एनसीसी, एनएसएस आणि होमगार्ड यांचे दाखलेही जोडावेत. मात्र शिबिरात काय केले, ते नीट लिहा. 'शिबिरात सहभागी झालो' या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'नदीकाठच्या वस्तीत घरोघरी जाऊन इशारा कोणत्या भाषेत आणि कोणाकडून पोहोचतो ते विचारले' या वाक्यातून पुष्कळ कळते.

इतवारीचा_सुमित

महसूलमित्र दादा, शिफारसपत्र कोणाचे घ्यावे? आमच्या प्राचार्यांची ओळख आहे, पण त्यांनी मला कधी शिकवलेले नाही.

महसूलमित्र

ज्यांनी तुझे काम पाहिले आहे, त्यांचेच घे. शिकवणारे एक प्राध्यापक आणि एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी असे दोघे पुरतील. त्यांना कोरा कागद देऊ नकोस. कोणते काम केले, कुठे आणि केव्हा, याचे अर्ध्या पानाचे टिपण सोबत दे आणि मुदतीच्या महिनाभर आधी जाऊन भेट.

वर्धाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. भाचीने हा धागा माझ्या शेजारी बसून वाचला. ती नाग नदीच्या काठी ज्या वस्तीत राहते, तिथल्या चार गल्ल्यांची यादी ती या रविवारपासून करणार आहे आणि त्याच गल्ल्यांचा नकाशाही काढणार आहे. डागा_लेआउट, तुमच्या मुलाने आखलेले रकाने आम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवता येतील का? आणि नकाशेवाला भाऊ, क्यूजीआयएसमध्ये नदीची पूररेषा कोठून घ्यायची, तेवढे सांगा.

नकाशेवाला

पाटबंधारे विभागाने आखलेली निळी (पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशात पाहायला मिळेल. तीवरून सुरुवात करा, मग २०२३ मध्ये पाणी प्रत्यक्ष कुठवर आले होते ते घरोघरी विचारून भिंतीवरच्या खुणेची उंची टेपने मोजा, आणि दोन्ही रेषा एकाच नकाशावर वेगवेगळ्या रंगांत दाखवा.