नववीच्या पोरांना भाषण लिहायला कसं शिकवायचं?

खानापूरकर: मराठी मीडियम हायस्कूल आहे. भाषण लिहा म्हटलं की सगळ्यांची गाडी 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन'वरच अडकते. शेक्सपिअर घेतला तर झेपेल काय?

निपाणीवाला: झेपतंय की! त्याचं ज्युलियस सीझर नाटक, अंक ३ प्रवेश २, सीझरच्या खुनानंतरची दोन भाषणं. खुन्यांपैकी ब्रूटस गद्यात मुद्दे सांगून मोकळा, सीझरचा मित्र अँटनी मात्र त्याला सन्माननीय म्हणत म्हणतच गर्दी फिरवतो, सीझरचं मृत्युपत्र नुसतं दाखवतो आणि वाचायचं लांबवत नेतो. दोन्ही मोठ्यानं वाचून घ्या, मग 'गावात बस थांबत नाही' यावर तसंच लिहायला लावा.

टिळकवाडी: आधी संगीत शाकुंतल घ्या हो सर, १८८० चं, अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. पण पदं गाऊन दाखवा, नुसतं वाचलं तर पोरं झोपतात.

खानापूरकर: माझं गाणं ऐकून वर्ग रिकामा होईल, सीझरच बघतो.