गाडीत काढलेली रात्र आणि काचेवरची काठी: आपले अनुभव लिहावेत

उपवनकाठी
आज पहाटे उपवन तलावाभोवती फेरी मारताना एका लहान मोटारीच्या काचा आतून दमटलेल्या दिसल्या. पुढचे आसन पूर्ण मागे टाकून, तोंडावर टॉवेल घेऊन एक गृहस्थ गाढ झोपले होते आणि मला २००९ सालचा पावसाळा आठवला. वडील नौपाड्यातील एका रुग्णालयात होते. रात्री एकाच नातेवाइकाला थांबू देत आणि ती जागा आई सोडायला तयार नव्हती, म्हणून मी तीन रात्री बाहेर वॅगनआरमध्ये काढल्या. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास काचेवर काठी वाजली. हवालदारांनी परवाना पाहिला, डिकी उघडायला लावली आणि रुग्णालयाचा पास दाखवल्यावर म्हणाले, "झोपा हो, झोपायला कोण नको म्हणतंय? पण हा कोपरा सोडा, पहाटे दुधाचा टेम्पो वळतो इथे." कायद्याची हरकत झोपेला असते की जागेला, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. ज्यांनी अशी रात्र काढली असेल त्यांनी अवश्य लिहावे.

नेरूळची वकील
हवालदारांनी आपल्याला बिनफीचा सल्ला दिला आणि तो बिनचूक होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये उभ्या गाडीत झोपण्यास मनाई करणारे कलम नाही. कलम १२२ सार्वजनिक जागी धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने गाडी सोडण्यास मनाई करते. कलम १२७ प्रमाणे दहा तास किंवा अधिक काळ बेवारस राहिलेली अथवा मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी उचलून नेता येते. आत माणूस घोरत असताना गाडी बेवारस ठरत नाही हे खरे, परंतु 'नो पार्किंग'च्या फलकाखाली हा युक्तिवाद टिकत नाही. झोपेविषयीच बोलायचे, तर रामलीला मैदान प्रकरणात, जिथे झोपलेल्या आंदोलकांना मध्यरात्री पोलिसांनी हुसकावले होते, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली झोपेचा हक्क घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला आहे. अर्थात त्यामुळे हव्या त्या रस्त्यावर अंथरूण घालण्याचा हक्क मिळत नाही.

कोपरखैरण्याचा टॅक्सीवाला
ताई, कलमे आज कळली, जागा मात्र अकरा वर्षांपासून पाठ आहेत. तुर्भ्याला बाजार समितीबाहेर ट्रकच्या रांगेमागे गाडी लावली की कोणी उठवत नाही, कारण केबिनमध्ये झोपणे ही तिथली रीतच आहे. तीच गाडी पामबीच रस्त्यावर लावून पाहावी, अर्ध्या तासात काच वाजते. चौकशीला आलेल्या शिपायाशी वाद घालू नये. आतला दिवा लावावा, हात दिसतील असे ठेवावेत आणि पुढचे भाडे किती वाजता आहे ते सांगावे. मला त्रास पोलिसांचा नाही, खाडीच्या डासांचा आहे. काच दोन बोटे उघडी ठेवली की डास येतात आणि बंद केली की जीव घाबरतो.

घणसोलीची रात्रपाळी
माझी रात्र तर रस्त्यावरचीही नव्हती. महापेहून दीड वाजता घरी पोहोचले तेव्हा घराची किल्ली कार्यालयातच राहिल्याचे लक्षात आले. यजमान नाशिकला होते आणि शेजारच्या काकूंना त्या वेळी उठवणे प्रशस्त वाटले नाही, म्हणून मी सोसायटीतल्या आमच्याच जागेवर गाडीत झोपले. सकाळी रखवालदारामार्फत वार्ता सचिवांपर्यंत गेली आणि चार दिवसांनी फलकावर सूचना लागली की वाहनतळाचा वापर 'वास्तव्यासाठी' करू नये. चार तासांच्या झोपेला वास्तव्य म्हणतात, हे मला प्रथमच समजले. उकाडा फार होता, म्हणून इंजिन चालू ठेवून एसी लावला होता.

गॅरेजवाला, कळवा
सूचना बाजूला ठेवा ताई, पण तो एसी पुन्हा लावू नका. खालच्या बंदिस्त वाहनतळात इंजिन चालू राहिले तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेल्या माणसाला काही समजतही नाही.

मुलुंड चेकनाका
२६ जुलै २००५ च्या रात्री मी गाडीतच होतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर वाचले. तेव्हा एवढेच दिसत होते की पुढची गाडी हलत नाही. काच वाजली ती एका आजींनी चहा आणला म्हणून. मुंबईत काही जण पाण्यात अडकलेल्या बंद गाड्यांमध्ये गुदमरून गेले, तेव्हापासून गाडीत हातोडी ठेवतो. पत्नी त्यावर अजूनही हसते.

खारघर डोंगरपायथा
एक नाजूक प्रश्न आहे. लग्नाहून परतताना मेहुण्यांची घेण्याची मर्यादा ओलांडली गेली, म्हणून शहाणपणाने ते गाडीतच झोपले. चालकाच्या आसनावर, किल्ली लावून, कारण गाणी ऐकायची होती. हा गुन्हा होतो का?

नेरूळची वकील
शहाणपण अर्धेच झाले. कलम १८५ मध्ये शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य असताना गाडी चालवणे आणि चालवण्याचा प्रयत्न करणे, दोन्ही येते. झोप म्हणजे प्रयत्न नव्हे, परंतु किल्ली लावून सुकाणूमागे बसलेल्या माणसाला ते पहाटे तीन वाजता पटवून द्यावे लागते. पुढच्या वेळी त्यांना मागच्या आसनावर झोपवा आणि किल्ली आपल्याकडे घ्या. गाणी भ्रमणध्वनीवर ऐकता येतात.
घणसोलीच्या ताईंसाठी: सोसायटी नोटीस काढू शकते, परंतु असल्या झोपेसाठी पोलिसांत धाव घेण्यासारखे काही नाही.

खारघर डोंगरपायथा
मेहुण्यांना वाचून दाखवले. ते म्हणतात, मागच्या आसनावर पाय मावत नाहीत.

पनवेल ते पुणे
द्रुतगती मार्गाच्या कडेला मात्र कोणीही डोळा मिटू नये. मी एकदा खोपोलीच्या अलीकडे कडेला थांबलो आणि गस्तीच्या गाडीने दहाव्या मिनिटाला उठवले. तेव्हा राग आला होता. थोड्याच वेळात त्याच पट्टीवरून एक ट्रक भरधाव गेला आणि माझी गाडी हलली. आता खालापूरच्या फूड मॉलपर्यंत कसाही पोहोचतो आणि तिथेच दिव्याखाली झोपतो.

उपवनकाठी
टॅक्सीवाले दादा, डासांचे काय करता ते राहिले.

कोपरखैरण्याचा टॅक्सीवाला
वाशीहून मच्छरदाणीची जाळी आणून शिंप्याकडून मागच्या दोन दारांना मोज्यासारखी बसवून घेतली आहे. वॅगनआरचे माप वेगळे येईल, दाराची उंची कळवा.