घरी ओतलेल्या जिगच्या साच्यात वीडगार्डसाठी जागा कशी करावी?

हिडकल_काठ

नमस्कार मंडळी. मी हुक्केरी तालुक्यात राहतो आणि हिडकल जलाशयाच्या कडेने मरळीसाठी जिग, म्हणजे शिशाचे डोके ओतलेला गळ, वापरतो. जिगची डोकी मी घरीच शिशात ओततो. माझ्याकडे दोन साचे आहेत, एक प्लास्टर ऑफ पॅरिसचा आणि दुसरा ॲल्युमिनियमच्या दोन ठोकळ्यांत कोरून घेतलेला. दोन्हींतून साधारण १० ग्रॅमचे गोल डोके निघते आणि तंगूस बांधायच्या डोळ्याकडे ६० अंशांत वाकवलेला ३/० मापाचा गळ त्यात बसतो. तक्रार एवढीच, की गळाचे टोक उघडे असल्यामुळे पाणवनस्पती असलेल्या जागी जिग धड ओढताच येत नाही.

म्हणून डोक्यात नायलॉनच्या तंतूंचा वीडगार्ड, म्हणजे गळाचे टोक गवतात अडकू न देणारा गुच्छ, बसवण्याचा विचार आहे. तयार डोक्याला प्रत्येक वेळी ड्रिल मारणे मला पटत नाही, कारण शिसे मऊ असल्याने बिट त्यात रुतते, पुढे गळाच्या दांड्यावर आपटून बाजूला सरकते आणि शिशाचा चुराही होतो. भोक ओततानाच यावे यासाठी साच्यात कोणता बदल करावा, भोकाची जागा व कोन कसा ठरवावा आणि भोकासाठी साच्यात ठेवायची पीन कशाची घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उद्यमबाग_पॅटर्न

माझे आयुष्य बेळगावच्या फाउंड्रीत पॅटर्न बनवण्यात गेले, त्यामुळे मी हा प्रश्न ओतकामाच्या अंगाने पाहतो. आपली पीन म्हणजे आमच्याकडचा कोअर, ओतीव वस्तूत पोकळी ठेवणारा तुकडा. त्याला साच्यात पक्की बैठक लागते आणि ती कोठे असावी हे येथे गळानेच ठरवून टाकले आहे. गळ साच्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्यावर आडवा पडतो आणि वीडगार्ड त्याच्या टोकाच्या बरोबर रेषेत यायला हवा. म्हणून पीनही त्याच सांध्यावर, निम्मी एका अर्ध्यात आणि निम्मी दुसऱ्यात, अशीच बसली पाहिजे. तसे केले की साचा उघडल्यावर डोके पिनेसकट सहज उचलले जाते आणि पक्कडीने थोडी फिरवून पीन उपसता येते. एकाच अर्ध्याच्या पोटातून आरपार पीन घालण्याची युक्ती काही जण करतात. तिने गार्ड गळाच्या एका बगलेला पडतो आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

कोनासाठी गणित करत बसण्याची गरज नाही. साच्याच्या एका अर्ध्यात गळ ठेवून सरळ तारेचा तुकडा डोक्याच्या पोकळीपासून गळाच्या टोकाकडे धरावा. डोळा आणि दांडा यांच्या मधून निघालेली ही रेषा टोकाला न टेकता त्याच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेरून गेली पाहिजे. तीच पिनेची रेषा. पीन ३.२ मिलिमीटर जाडीची असावी आणि पोकळीत ४ ते ५ मिलिमीटरपेक्षा अधिक शिरू नये. दहा ग्रॅमच्या गोल डोक्याचा व्यास १२ मिलिमीटरच्या आसपास भरतो, तेव्हा पीन याहून खोल गेल्यास ती दांड्याला चिकटते आणि मधल्या अरुंद फटीत शिसे न शिरल्याने डोके तेथे पोकळ राहते. या भोकामुळे डोक्याचे वजन जवळपास अर्ध्या ग्रॅमने घटते, हे हिशेबात धरावे.

ॲल्युमिनियमच्या साच्यात कानशीने दोन्हीकडे अर्धगोल खाच घासण्यापेक्षा दोन्ही अर्धे गळाशिवाय जुळवून व्हाइसमध्ये घट्ट आवळावेत आणि बाहेरून नेमके सांध्यावर ड्रिल मारावे. बिट तिरके शिरणार असल्याने आधी त्या जागी कानशीने लहान सपाट खाच करावी, नाहीतर ते घसरते. प्रथम २ मिलिमीटरचे भोक पाडून मग ३.२ मिलिमीटरचे बिट चालवावे, आणि पोकळीच्या समोरच्या भिंतीला ते लागू नये म्हणून बिटवर चिकटपट्टीची खूण करावी. पोकळीच्या कडेवर आलेला बर (ड्रिलने उठलेली धातूची धारदार कड) काढणे विसरू नये. तो राहिला तर दोन अर्धे नीट मिटत नाहीत आणि डोक्याभोवती शिशाची पातळ झालर येते.

प्लास्टरच्या साच्याची मात्र दुरुस्ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लास्टर ड्रिलखाली फुटते. त्याऐवजी एका तयार डोक्यालाच काळजीपूर्वक ड्रिल मारून त्यात पीन बसवावी, ते निम्मे शाडूत दाबावे आणि त्यावरून नवा साचा घ्यावा; पिनेची बैठक आपोआप उमटते. नवा साचा बरेच दिवस वाळवून मंद आचेवर तापवावा. साच्यात थोडीही ओल राहिली तर वितळलेले शिसे क्षणात वाफ करून उसळते आणि थेट तोंडावर येते. शिवाय वाळलेल्या प्लास्टरमध्येही रासायनिक रीतीने बांधलेले पाणी असते, जे उष्णतेने हळूहळू सुटते. त्यामुळे हे साचे कधी ना कधी तडकतातच.

पिनेसाठी वेल्डिंगची ३.१५ मिलिमीटरची कांडी उत्तम. वरचे फ्लक्सचे कवच ठोकून काढावे, पॉलिश पेपरने ती गुळगुळीत करावी आणि आतल्या टोकाकडे किंचित निमुळती घासावी. शिसे पोलादाला धरत नाही, तरीही दिव्यावर धरून तिला काजळी लावली तर ती अधिक सहज सुटते. टेफ्लॉनच्या पिना विकत मिळतात, पण टेफ्लॉनचा वितळणबिंदू शिशाच्या वितळणबिंदूइतकाच, म्हणजे सुमारे ३२७ अंश सेल्सिअस आहे, आणि जास्त तापले की त्यातून विषारी धूर निघतो. घरच्या चुलीवर शिशाचे तापमान मोजण्याची सोय नसताना मी तो मार्ग सुचवणार नाही.

दूधगंगा_काठ

वरील मार्गदर्शनात भर घालण्यासारखे फारसे नाही, परंतु साचा कापण्यापूर्वी आपल्या डोक्याचा आकार एकदा तपासावा, अशी विनंती आहे. गोल डोक्यात डोळा माथ्यावर असतो आणि गवताचा पहिला गुंता तंगुसाच्या गाठीपाशीच होतो. तेथे मागे बसवलेला वीडगार्ड काहीही करू शकत नाही. डोके पुढे निमुळते असेल आणि डोळा नाकाच्या टोकाजवळ असेल, तर काड्या डोक्यावरून मागे सरकतात आणि मगच गार्डचे काम सुरू होते. पॅटर्न नव्याने करायचाच आहे, तर प्लास्टरचा साचा निमुळत्या डोक्याचा करावा.

दुसरे असे, की पाणी पूर्ण झाकणाऱ्या जलपर्णीत जिग, गार्डसह किंवा गार्डविना, टाकूच नये. पानांखाली मुळांचा दाट झुबका लोंबत असतो आणि त्यातून जिग खाली जातच नाही. तेथे पोकळ रबरी बेडकाचे आमिषच चालते. जिगची खरी जागा म्हणजे जलपर्णीची कड, बुडालेली झुडपे आणि विरळ हायड्रिला ही पाण्याखालची वनस्पती.

तंतूंऐवजी तारेचा गार्डही विचारात घ्यावा. गिटारची ०.४ मिलिमीटरच्या आसपासची साधी, न गुंडाळलेली पोलादी तार दुमडून तिची दोन्ही टोके डोक्याच्या पोकळीत वाकवून ठेवावीत आणि तशीच ओतावीत; पीन लागत नाही, केवळ सांध्यावर बारीक खाच पुरते. तार ओतताना सांध्यातच सरळ राहू द्यावी आणि नंतर गळाच्या दिशेने बाक द्यावा. मला स्वतःला मरळीसाठी तारच अधिक पसंत आहे, कारण मरळीचा जबडा हाडाचा व कठीण असतो आणि गार्ड ताठ असेल तर हिसका दिला तरी गळ रुतत नाही.

हिडकल_काठ

दोघांचेही मनापासून आभार. ॲल्युमिनियमच्या साच्याला ड्रिल मारून घेतो आणि प्लास्टरचा नवा करतो. दोन शंका उरतात. भोकात तंतू किती भरावेत आणि कशाने चिकटवावेत? डोक्याला रंग आधी द्यावा की नंतर?

उद्यमबाग_पॅटर्न

अर्धा मिलिमीटर जाडीच्या तंगुसाचे तीसेक तुकडे ३.२ मिलिमीटरच्या भोकात दाटीने बसतात. मरळीचा जबडा लक्षात घेता वीस-बावीसच घालावेत आणि उरलेली जागा दोन भागांच्या अरल्डाइटने भरावी. झटपट चिकटणारा पातळ गोंद वापरू नये. तो तंतूंमधून वर चढतो आणि सगळा गुच्छ काडीसारखा ताठ होतो. रंग आधी द्यावा, विशेषतः तो भट्टीत भाजायचा पावडरचा असेल तर, कारण त्या उष्णतेत नायलॉन वाकडे होते. रंग देताना भोकात पीन परत घालून ठेवावी. तंतू शेवटी गळाच्या टोकाच्या जेमतेम वर राहतील इतके कापावेत.

ओतताना पहिली काही डोकी गळाशिवाय ओतून साचा आणि पीन तापवून घ्यावी, कारण थंड पिनेपाशी शिसे लगेच गोठते. तरीही पिनेच्या बगलेत खळगा राहत असेल, तर सांध्याच्या पृष्ठभागावर पोकळीपासून बाहेरपर्यंत टोकदार सुईने एक-दोन केसाएवढ्या रेघा ओढाव्यात. हवा त्यातून निघून जाते.

मलप्रभा_खानापूर

शिशाबद्दल एवढेच सांगतो. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढू नये, त्यात आम्ल आणि विषारी भुकटी दोन्ही असतात. टायरच्या दुकानातील बॅलन्सची वजने चालतात, मात्र त्यांत जस्ताची वजनेही मिसळलेली असतात. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते, म्हणून आच मंद ठेवली की ती न वितळता वर तरंगतात आणि चमच्याने काढून टाकता येतात. ती वितळू दिली तर सगळे शिसे गुठळीदार होते आणि पिनेभोवतीची बारीक जागा भरतच नाही. वर जमणाऱ्या राखाडी मळीची आसपास सांडलेली भुकटी कोरडी झाडू नये, सगळे थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. मात्र शिसे तापलेले असताना पाण्याचा थेंबही कढईपाशी जाऊ देऊ नये. आणि ती कढई पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.