साताऱ्याच्या घरचा राउटर : अडीच हजारांत काय जमेल?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत आमचं जुनं घर. फायबरचा डबा खाली ओसरीत, आई-बाबा माडीवर. मधल्या भिंती काळ्या दगडाच्या, हातभर जाड. मी परदेशात असते, आमचे इथले सकाळचे साडेदहा म्हणजे सध्या तिथले रात्रीचे आठ. आई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून व्हिडिओ कॉल करते. त्याच्या वर गेली की चित्र थिजतं. जोडणीवाला म्हणतो, आठ-नऊ हजारांचा मेश (एकमेकांना सिग्नल देणाऱ्या वाय-फाय डब्यांचा संच) घ्या. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. अडीच हजारांच्या आत कोणता राउटर घेऊ?

---

ताई,

राउटर राहू द्या, आधी वायर घ्या. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान खरा, पण दगडापुढे मान टाकतो. २.४ त्यातल्या त्यात आत शिरतो, तोही तुमच्या तिसऱ्या पायरीपर्यंतच पोचतोय. बिनतारी मेशचे डबे तरी एकमेकांशी कसे बोलणार? त्याच भिंतीतून!

माळ्यावर जुना वाय-फाय राउटर पडलाय का? फोनच्या तारेवरचा जुना मोडेम-राउटरसुद्धा चालेल. ओसरीतल्या डब्यापासून माडीपर्यंत कॅट-६ (नेटवर्कची) वायर ओढून घ्या. वायर निखळ तांब्याची हवी. स्वस्तातल्या वायरीत ॲल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो. दुकानातच आतली तार ब्लेडने खरवडायला सांगा. पांढरी निघाली तर तिथेच परत. वर केसिंग पट्टी मारा, जुन्या घरात उंदीर असतातच.

मग जुन्या राउटरचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा (खालचा डबा १९२.१६८.१.१ वर आहे असं धरून). त्याचं डीएचसीपी (फोनांना असे पत्ते वाटायचं काम) बंद करा, ते खालचा डबाच करू दे, आणि वायर लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) भोकात लावा, वॅनच्या (बाहेरून इंटरनेट येतं त्या) नाही. नाव-पासवर्ड खालच्यासारखेच ठेवा. २.४ चा चॅनेल मात्र वेगळा, खाली १ असेल तर वर ११. जुन्या राउटरचं पोर्ट १०० चंच असेल, पण तुमचा प्लॅनही तेवढाच आहे. जास्तीचे पैसे घालून काय करायचं?

उरलेल्या पैशांत खालच्या डब्यासाठी मिनी यूपीएस बघा. अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, किती अँपिअर, हे वाचूनच घ्या. पण माडीवरच्या राउटरलाही वीज लागते हे विसरू नका, नाहीतर दिवे गेले की आई पुन्हा पायरीवर.

— तुमचाच एक शनिवार पेठवाला

---

दादा,

झालं! जुना राउटर धान्याच्या कोठीमागे सापडला. वायर आणि पट्टी मिळून बाराशे, इलेक्ट्रिशियनचे पाचशे. भाच्याने सगळं केलं, पण डीएचसीपी बंद करायला विसरला. दोन दिवस फोनवर वाय-फायच्या काड्या पूर्ण आणि इंटरनेट ठार बंद. तुमचं पत्र त्याला वाचून दाखवल्यावर गाडी रुळावर आली. उरल्या आठशेत मिनी यूपीएस बसतोय का ते बघते आहे.

वायर जिन्याच्या खिडकीतून वर नेली. बाबांना इंटरनेटचं काही नाही, आजोबांच्या भिंतीला भोक पाडलं नाही यावर ते खूश आहेत.