मदत हवी आहे : स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर व्रण आत चिकटलाय, हात वर जात नाही

रानजाई
जावेची (वय 47) डाव्या बाजूची मॅस्टेक्टॉमी (स्तन काढण्याची शस्त्रक्रिया) होऊन 7 आठवडे झाले. काखेतल्या लसीका गाठीही (लिम्फ नोड) काढल्या आहेत. जखम पूर्ण भरली आहे, खपली कुठेच नाही, सूज-ताप नाही. पण व्रणाचा काखेकडचा तीन-चार बोटं भाग बरगडीला शिवल्यासारखा घट्ट आहे, हात उचलला की तिथे खळगा पडतो. हात खांद्याच्या जेमतेम वर जातो. काखेतून कोपराच्या आतल्या बाजूपर्यंत तारेसारखं काहीतरी ताणलेलं दिसतं. सर्जननी "मसाज सुरू करा" एवढंच सांगितलं. रोज खोबरेल तेल चोळतोय, फरक नाही. दोन आठवड्यांनी रेडिएशनचं प्लॅनिंग आहे. मसाज नेमका कसा आणि किती करायचा? रेडिएशन चालू असताना करायचा का?

निशिगंध
तेल जास्त झालं की बोट कातडीवरून नुसतं घसरतं, म्हणून फरक पडत नाही. चिकटलंय ते खाली. कातडी, तिच्याखालची चरबी आणि छातीच्या स्नायूवरचं आवरण हे थर एकमेकांवरून सरकायला हवेत. जखम भरताना तयार झालेल्या कोलॅजनच्या तंतूंनी ते एकत्र धरून ठेवलेत. तेव्हा बोट आणि कातडी मिळून सरकली पाहिजे. तेल फार तर एक थेंब, तेही पुसून घ्या.

आंघोळीनंतर पाठीवर झोपवा, हात उशीवर सैल. नखं कापलेली हवीत. दोन बोटांची पेरं व्रणापासून दीड-दोन सेंटीमीटर लांब, मऊ जागी टेकवा. दाब किती? कातडी पांढुरकी होईल इतका म्हणतात, पण सावळ्या रंगावर ते कळत नाही. आपल्या नखाकडे बघा, ते फिकं पडलं की पुरे. आता कातडी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ढकलून बघा. जिकडे लवकर अडेल तिकडे चिकटलंय. त्या टोकाला 30 ते 60 सेकंद नुसतं धरून ठेवा, रेटू नका. हळूहळू बोटाखाली सैल पडल्याचं जाणवतं. मग एक बोटभर पुढे. लांबून सुरुवात करून व्रणावर शेवटी यायचं. आठ-दहा दिवसांत कातडी सैल झाली की अंगठा आणि दोन बोटांत व्रण उचलून, कणकेची वळी वळावी तसा हलके वळत न्या.

एका वेळी 5 ते 10 मिनिटं, दिवसातून 2-3 वेळा. दुसऱ्या दिवशीही लाली किंवा ठणका राहिला तर दाब जास्त झाला. मसाज झाल्या झाल्या हात ताणायचाच, नाहीतर मोकळं झालेलं पुन्हा बसतं. व्रण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे 7 आठवडे म्हणजे अजिबात उशीर नाही.

एक मात्र कटाक्षानं पाळा: गरम पाण्याची पिशवी नको. काखेतल्या शस्त्रक्रियेत दंडाच्या आतल्या बाजूची नस बऱ्याचदा दुखावते, मग तो भाग बधिर असतो, भाजलं तरी कळत नाही.

कदंब
ती 'तार' म्हणजे कॉर्डिंग, अ‍ॅक्सिलरी वेब सिंड्रोम. गाठी काढल्यावर लसीकावाहिन्या (लसीका वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) आखडून घट्ट होतात असं मानलं जातं. बहुतेक वेळा 2 ते 8 आठवड्यांत उद्भवतं आणि काही महिन्यांत विरतं. घाबरून हात जपून ठेवला की खांदाही आखडतो. झोपून, तळवा वर करून हात बाजूला न्या, तार ताणली की थांबा. तुम्ही तिच्या दंडावर सपाट तळवा ठेवून कातडी हळूच कोपराकडे ओढा, 30 सेकंद, पाच वेळा. कधी 'टक्' होऊन तार सुटते, पण मुद्दाम तोडायला जाऊ नका.

भिंतीकडे तोंड करून बोटं चालवत वर न्या, पोचेल तिथे पेन्सिलनं खूण करा. 10 वेळा, दिवसातून दोनदा. खांदा कानाकडे चढला किंवा कंबर वाकली तर ती उंची मोजू नका.

आणि रेडिएशन विभागाला आजच कळवा. प्लॅनिंगला आणि पुढे रोज, हात डोक्यावर ठेवून स्थिर पडून राहावं लागतं. फिजिओथेरपिस्टची वेळ त्याआधीची घ्या. मुंबईत असाल तर टाटा मेमोरियलमध्ये फिजिओथेरपी विभाग आहे.

पाऊलखुणा
रेडिएशन सुरू झालं की त्या भागावरचा मसाज बंद. संपल्यावर कातडी पूर्ण सावरेपर्यंत, साधारण 4 ते 6 आठवडे, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच पुन्हा सुरू. हात ताणणं मात्र एक दिवसही चुकवू नका. रेडिएशननं येणारा कडकपणा महिन्या-वर्षांनीही वाढतो.

सिलिकॉनची पट्टी व्रण उंचावत असेल तर उपयोगी, दिवसाचे 12 तास तरी, किमान दोन-तीन महिने. आतलं चिकटलेलं ती सोडवत नाही. तेलकट कातडीवर ती टिकत नाही. रेडिएशनच्या काळात तीही नको. व्हिटॅमिन ई लावू नका, अनेकांना पुरळ येतं.

मसाज थांबवून लगेच दाखवा : लाली, गरमपणा, ताप, स्राव, बोटानं दाबलं की पाणी हलल्यासारखा फुगवटा (सेरोमा), व्रणावर वा शेजारी नवी कडक गाठ. कोपराच्या 10 सेंटीमीटर वर आणि खाली दोन्ही हातांचा घेर आजच मोजून लिहून ठेवा. पुढे फरक 2 सेंटीमीटरनं वाढला तर लिम्फेडेमासाठी (लसीका साचून हाताला येणारी सूज) तपासून घ्या.

रानजाई
खूप आभार. तिला व्रणाला हात लावायलाच नको वाटतं, बघतही नाही. मी केलं तर चालेल?

निशिगंध
चालेल, पण पहिला हात तिचाच असू द्या. गाऊनवरून नुसता तळवा ठेवायचा, दोन मिनिटं. तीन-चार दिवसांनी कापसाचा बोळा, मग मऊ पंचा, मग उघडं बोट. आरशासमोर बसवायची घाई नको. तुम्ही मसाज करताना कुठे ओढ बसते ते तिला सांगायला लावा, बधिर जागी दाब किती झाला ते तुम्हालाच बघावं लागेल.