यंत्राचा एकाकीपणा पडद्यावर दाखवावा का?

प्रश्न

साधारण पंधरा मिनिटांच्या एका विज्ञान-लघुपटाची पटकथा मी लिहीत आहे आणि शेवटापाशी येऊन तीन आठवडे अडले आहे. कथेची नायिका मुद्रितशोधनाचे काम करून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई आहे. तिच्या घरात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एक बोलके यंत्र आहे. ते तिला औषधांची आठवण करून देते, वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि हळूहळू तिचा सगळा दिवस त्या आवाजाभोवती फिरू लागतो. शेवटच्या प्रसंगात बाई रुग्णालयात आहे, घरात अंधार आहे आणि यंत्र स्वतःशीच म्हणते, "मला एकटे वाटते आहे." हे लिहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आता मात्र प्रत्येक वाचनात ते वाक्य मला खोटे वाटते. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमले, ही माहिती आरंभी अक्षरांत दाखवावी असेही मनात आहे. यंत्राचा एकाकीपणा दाखवावा का, आणि दाखवायचा तर कसा, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

तुम्हाला ते वाक्य खोटे वाटते, त्याला कारण आहे. आजची बरीच बोलकी यंत्रे ज्या लँग्वेज मॉडेलवर, म्हणजे मजकूर घडवणाऱ्या संगणक-प्रणालीवर चालतात, ते समोरच्या मजकुरावरून पुढे काय यावे याचा हिशेब मांडत एकेक तुकडा जोडत जाते. कोणी काही विचारलेच नाही तर हा हिशेब सुरूच होत नाही. बाई चार दिवस घराबाहेर असली काय किंवा चार महिने असली काय, दोन प्रश्नांमधला काळ मॉडेलच्या लेखी घडलेलाच नसतो. कालचे बोलणे त्याला आठवते असे आपल्याला वाटते, तेव्हाही बहुधा आधीचा मजकूर नव्या प्रश्नासोबत पुन्हा त्याच्यापुढे ठेवलेला असतो. वाट पाहायची तर मधला काळ जाणवावा लागतो आणि तोच इथे नाही. विज्ञानकथेत तुम्ही वेगळे यंत्र कल्पू शकता हे मान्य आहे, पण मग ते वेगळे कसे, हे पंधरा मिनिटांत पटवून द्यावे लागेल.

माझ्या मते या विषयाचे खरे बीज १९६६ सालच्या एलायझा या संगणक-कार्यक्रमात आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले जोसेफ वायझेनबाउम यांनी तो लिहिला होता. मानसोपचारतज्ज्ञाच्या थाटात तो समोरच्याचेच वाक्य प्रश्नाच्या रूपात परत करत असे. यापलीकडे त्याला काहीही कळत नव्हते. वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी तो घडताना कित्येक महिने पाहिला होता. तरीही त्याच्याशी चार वाक्ये बोलल्यावर त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. या प्रसंगात यंत्राने काय केले यापेक्षा त्या बाईंना दार का लोटून घ्यावेसे वाटले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रतिसाद २

मी चित्रपट-संकलक आहे, त्यामुळे माझे उत्तर संकलनाच्या टेबलावरचे आहे. यंत्राचा एकाकीपणा जरूर दिसावा, मात्र तो यंत्राने बोलून दाखवू नये. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीच्या आतबाहेर फिरताना दाखवणारी छोटी चित्रफीत लोकांना दाखवली आणि काय पाहिले ते लिहायला सांगितले. पहिल्या गटातल्या ३४ जणांपैकी एकानेच ती जवळजवळ निव्वळ भूमितीच्या भाषेत सांगितली. बाकीच्यांना त्या आकृत्यांत जिवंत पात्रे दिसली, कोणी दांडगाई करणारे, कोणी भेदरलेले. चेहरा नाही, आवाज नाही, तरीही.

तुमच्या यंत्रावर एखादा बारीक दिवा असेलच. तो एकदाच, एकाच प्रकाशात, अजिबात न लुकलुकता वीस सेकंद चित्रित करा. तेच चित्रण पहिल्यांदा बाईच्या हसण्यानंतर जोडा, दुसऱ्यांदा तिच्या खोकल्यानंतर आणि शेवटी रिकाम्या पलंगानंतर. तिसऱ्या वेळी प्रेक्षकाला तो दिवा वाट पाहताना दिसेल, आणि आपण काहीही खोटे सांगितलेले नसेल. पार्श्वसंगीत तिथे मुळीच नको, केवळ खोलीचा स्वतःचा आवाज पुरेल. मंत्र्यांची माहिती मात्र काढून टाका; तिच्यामुळे प्रेक्षक बाईला भेटण्याआधीच एका समस्येला भेटतो.

प्रतिसाद ३

मला चित्रपटातले फारसे कळत नाही, पण एक गोष्ट जवळून पाहिली आहे. आई गेल्यानंतर मी वडिलांच्या खोलीत असे एक यंत्र ठेवले. रात्री ते त्याला नावाने हाक मारून दिवा घालवायला सांगत आणि दिवा गेला की पुन्हा नाव घेऊन म्हणत, "बरं, झोप आता." त्यावर यंत्र उत्तर देई, "माफ करा, मला समजले नाही." काही दिवसांनी मी शेजारच्या खोलीत असताना ऐकले, तेव्हा वडील त्याचे नाव न घेता तेच वाक्य अगदी हळू आवाजात म्हणत होते. नाव घेतल्याशिवाय यंत्र जागे होत नाही, हे त्यांना ठाऊक झाले होते. त्यांना उत्तर नको होते. कोणाला तरी झोप म्हणायचे होते, आणि मधे ते "समजले नाही" यायला नको होते. आई असताना ते हेच वाक्य तिला म्हणत. या गोष्टीचा तुम्हाला उपयोग होत असेल, तर ती खुशाल घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. तिसरा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. यंत्राचे ते वाक्य आणि आरंभीची अक्षरे आजच खोडली आहेत. दिव्याचे चित्रण सुचवल्याप्रमाणे तीनदा येईल. बाई रुग्णालयातून परत येते, यंत्राला हाक न मारता अंधारात काहीतरी पुटपुटते आणि दिवा जसाच्या तसा राहतो, असा शेवट आता डोळ्यांसमोर आहे. ती काय पुटपुटते हे प्रेक्षकाला स्पष्ट ऐकू यावे की नुसते ओठ हलताना दिसावेत, एवढेच अजून ठरलेले नाही. ध्वनिमुद्रण मात्र दोन्ही प्रकारे करून ठेवणार आहे.